‘फिनिश्ड’ वाचून पानं लावली, ती परत लावावी लागली: एका मेलचा पंचनामा

एका औद्योगिक पंपाचं युजर मॅन्युअल इंग्रजीत तयार होत होतं. मजकूर लिहिणारी टीम मराठी, क्लायंट ब्रिटिश आणि पानं लावणारा लेआउटवाला अमेरिकन. १२ चॅप्टर, ४० आकृत्या आणि शेवटी ११० शब्दांची ग्लॉसरी, एवढा पसारा. काम वेळेत चाललं होतं आणि कोणी चालढकल केली नव्हती. इंग्रजीही कोणाचं कच्चं नव्हतं. तरी ९ चॅप्टरांची पानं दोनदा लावावी लागली आणि दुसऱ्या खेपेचं बिल कोणी भरायचं यावरून दोन्हीकडे आवाज चढले. माझ्याकडे प्रकरण आलं ते दोन मेलांच्या रूपात. एक टीम लीडने मंगळवारी पाठवलेला, दुसरा त्याच संध्याकाळी क्लायंटच्या मॅनेजरबाईंनी दिलेल्या उत्तराचा. भाषेची चूक कोणाची, एवढंच मला सांगायचं होतं.

टीम लीड ठाम होती. “सर, डिक्शनरी काढून बसा. माझा एक शब्द चुकीचा निघाला तर बोला.”

एक ‘अन्टिल’ सोडला तर ती म्हणत होती ते खरं होतं. तिचा मेल असा:

‘वी हॅव कम्प्लीटेड ऑल ट्वेल्व्ह चॅप्टर्स. वन टू नाइन आर फिनिश्ड फ्रॉम अवर साइड. द रायटिंग टीम इज वाइंडिंग अप. डायग्रॅम्स आर डन, ओन्ली फिनिशिंग इज लेफ्ट. ग्लॉसरी इज हाफवे. वी विल कम्प्लीट द रेस्ट अन्टिल फ्रायडे. काइंडली साइन ऑफ.’

आणि बाईंचं उत्तर:

‘ब्रिलियंट. सो वन टू नाइन कॅन बी पुट टू बेड. लेट्स कॉल इट अ डे ऑन द ग्लॉसरी. प्लीज सी द डायग्रॅम्स थ्रू. हॅपी टू साइन ऑफ वन्स द लूज एंड्स आर टाइड अप.’

दोघींनी एकमेकींचा मेल वाचला आणि दोघींनाही सगळं समजलं असं वाटलं. बुधवारी सकाळी लेआउटवाल्याने पहिल्या ९ चॅप्टरांची पानं लावायला घेतली. त्याच वेळी इकडे रिव्ह्यू करणारा इंजिनिअर तेच चॅप्टर तपासत होता. सातव्या चॅप्टरमध्ये सील बदलण्याच्या कृतीत बोल्ट किती घट्ट करायचे त्याचा टॉर्कचा आकडा त्याने बदलला, दोन धोक्याच्या सूचना पायरीच्या आधी आणल्या, चौथ्यातला एक आख्खा परिच्छेद काढला. गुरुवारी संध्याकाळी सुधारलेला मजकूर गेला तेव्हा पानं लावून झाली होती. टॉर्कचा जुना आकडा तसाच छापून गेला असता तर काय, हा प्रश्न मग कोणालाच गंमतीचा वाटेना.

‘कम्प्लीटेड’ आणि ‘फिनिश्ड’

टीम लीडला पहिल्या वाक्यात सांगायचं होतं की सगळ्या चॅप्टरांचा पहिला ड्राफ्ट लिहून झाला. दुसऱ्यात सांगायचं होतं की त्यातले ९ लेखकांनी रिव्ह्यूला दिले. मग दोन वेगळे शब्द का? तिने सांगितलेलं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं: “लागोपाठ दोन वाक्यांत तोच शब्द बरा दिसत नाही.” शाळेत निबंध लिहिताना आपल्याला हे घोटवलेलं असतं. शब्दाची पुनरावृत्ती टाळा, समानार्थी शब्द वापरा.

पण कामाची स्थिती कळवणाऱ्या मेलमध्ये वाचणारा नेमका उलटा विचार करतो. शब्द बदलला म्हणजे स्थिती बदलली असली पाहिजे, असं तो धरून चालतो. बाराही ‘कम्प्लीटेड’ आणि त्यातले नऊच ‘फिनिश्ड’, तर फिनिश्ड ही कम्प्लीटेडच्या पुढची पायरी झाली. म्हणजे दहा ते बारा लिहून झालेत पण हात फिरवायचा राहिलाय, आणि एक ते नऊ अंतिम. मॅनेजरबाईंनी काढलेला हा निष्कर्ष तर्काला धरून होता. टीम लीडच्या मनात मात्र दोन्ही शब्दांची किंमत एकच होती.

या दोन शब्दांवरून एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: कोणत्याच डिक्शनरीला यांतला फरक सांगता आलेला नाही, आणि मग योग्य बायको मिळाली की कम्प्लीट, चुकीची मिळाली की फिनिश्ड, असा तो जुनाट विनोद. डिक्शनऱ्यांवर हा अन्याय आहे. फरक त्यांनी नीट सांगितलेला आहे, आणि तो व्याकरणातही दिसतो. ‘आय फिनिश्ड रायटिंग’ चालतं, ‘आय कम्प्लीटेड रायटिंग’ कानाला खटकतं. फिनिशला क्रिया जोडता येते, कम्प्लीटला वस्तू लागते: रिपोर्ट, फॉर्म, कोर्स. लॅटिनमध्ये कम्प्लीटचं मूळ ‘भरून काढणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे आणि फिनिशचं ‘हद्द, शेवट’ या अर्थाच्या शब्दात. म्हणून सगळे रकाने भरलेल्या फॉर्मला कम्प्लीट म्हणतात, मग त्यातली माहिती चुकीची का असेना. फिनिश करणाऱ्याचं लक्ष भागांवर नसतं. त्याच्या कामाला हद्द आली, तो मोकळा झाला.

इथवर टीम लीडच्या बाजूने बोलता येतं. लेखक मोकळे झाले होते, म्हणजे त्यांनी फिनिश केलं होतंच. पण तिने ‘वी हॅव फिनिश्ड वन टू नाइन’ लिहिलं नाही. तिने चॅप्टरांना कर्त्याच्या जागी बसवलं: ‘वन टू नाइन आर फिनिश्ड’. तिथे सगळं पालटतं. माणूस फिनिश करतो तेव्हा त्याचा वाटा संपतो. वस्तू फिनिश्ड असते तेव्हा तिच्यात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. फिनिश्ड प्रॉडक्ट म्हणजे विक्रीला तयार माल, आणि पॉलिश न केलेल्या लाकडाला अनफिनिश्ड म्हणतात. कारागिराची शेवटची सफाई या शब्दात मुरलेली आहे. (माणसाला कर्ता करून ‘ही इज फिनिश्ड’ म्हटलं तर आणखी तिसरंच होतं: तो एक तर काम आटोपून बसलाय, नाही तर त्याची कारकीर्द बुडाली आहे. कोणतं, ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवायचं.)

आता ‘फ्रॉम अवर साइड’. टीम लीडचा सगळा भरवसा या तीन शब्दांवर होता. तिच्या मते यातून उघड होत होतं की रिव्ह्यू बाकी आहे. मराठी कानाला ते उघडच आहे. ‘आमच्याकडून झालं’ म्हटलं की पुढचा चेंडू कोणाकडे तरी गेला, हे ऐकणाऱ्याला कळतं. पण ब्रिटिश वाचकाला ही मर्यादा ऐकू येत नाही. तो ‘अॅट अवर एंड’ म्हणेल, आणि त्यालाही ‘अवर’ म्हणजे लेखक की लेखक अधिक रिव्ह्यू करणारे, हे कळायला मार्ग नाही. क्लायंटच्या दृष्टीने रिव्ह्यू करणारा इंजिनिअर याच टीमचा माणूस. म्हणजे ‘त्यांच्याकडून’ झालं याचा अर्थ त्याच्याकडूनही झालं.

कंपनी बुडाली की काय

‘द रायटिंग टीम इज वाइंडिंग अप’ या वाक्याने काय केलं हे मॅनेजरबाईंनी नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, टीम बरखास्त होतेय. वाइंड अप करणे म्हणजे सभा, भाषण, काम आवरतं घेणे, हे खरंच आहे. पण संस्थेबद्दल बोलताना त्याचा अर्थ कायद्याच्या अंगाने जातो. कंपनी वाइंड अप होते तेव्हा तिची मालमत्ता विकून देणी भागवली जातात आणि कंपनी उरत नाही. ब्रिटनच्या १९८६च्या इन्सॉल्व्हन्सी अॅक्टमध्ये हीच संज्ञा आहे, भारताच्या २०१३च्या कंपनी कायद्यातही. ‘द टीम इज वाइंडिंग अप द ड्राफ्टिंग’ असं कर्म जोडलं असतं तर काही बिघडलं नसतं. कर्म गेलं आणि टीमच गुंडाळली जातेय असा भास झाला. लेखक पांगायच्या आत ९ चॅप्टर मार्गी लावावेत म्हणून बाईंनी लेआउटवाल्याला घाईने कळवलं. एका गाळलेल्या कर्माने प्रकरणाला वेग दिला, असं मी अहवालात लिहिलं आणि आजही तेच म्हणेन.

गंमत म्हणजे तिने आधी ‘रॅपिंग अप’ लिहिलं होतं. मग ‘गुंडाळणे’ चांगलं वाटत नाही म्हणून खोडलं. मराठीत प्रकल्प गुंडाळला म्हणजे तो अर्ध्यात सोडला, गाशा गुंडाळला म्हणजे पळ काढला. इंग्रजी रॅप अपला तो वास नाही. चित्रीकरण संपल्यावर ‘दॅट्स अ रॅप’ म्हणतात ते आनंदाने. म्हणजे निरुपद्रवी शब्द मराठीच्या भीतीने गेला आणि त्याच्या जागी उपद्रवी आला.

‘फिनिशिंग’ आणि ‘पर्यंत’

आकृत्यांचं प्रकरण छोटं आहे. ‘ओन्ली फिनिशिंग इज लेफ्ट’ याचा टीमच्या मनातला अर्थ असा होता की रेषा काढून झाल्यात. बाण, भागांची नावं आणि क्रमांक टाकायचे आहेत. चाळीसही आकृत्यांत. हे दोन-तीन दिवसांचं काम. मराठीत आपण फिनिशिंग हा शब्द अगदी सैल वापरतो. फिनिशिंगला वेळ लागतो, फिनिशिंग चांगलं नाही, फिनिशिंगवाला वेगळा असतो. इंग्रजी वाचकाच्या डोक्यात मात्र ‘फिनिशिंग टचेस’ येतात, आणि टच म्हणजे स्पर्श, हलका हात. त्याला वाटतं दुपारपर्यंत होईल. आधी ‘आर डन’ म्हटलेलं असल्यामुळे तर जास्तच.

‘अन्टिल फ्रायडे’ ही मेलमधली एकमेव निखळ चूक, आणि मराठी माणूस ती हमखास करतो. ‘शुक्रवारपर्यंत थांबेन’ आणि ‘शुक्रवारपर्यंत देईन’ या दोन्हींत आपला ‘पर्यंत’ एकच. इंग्रजीत पहिल्याला ‘अन्टिल’, दुसऱ्याला ‘बाय’. अन्टिलमध्ये काहीतरी त्या क्षणापर्यंत सलग चालू राहतं, बायमध्ये त्या क्षणाच्या आत एकदा घडून जातं. पूर्ण करणे ही एकदा घडण्याची गोष्ट, त्यामुळे कम्प्लीट आणि अन्टिल यांचं जमत नाही. बाईंनी त्याचा अर्थ ‘शुक्रवारपर्यंत काम करत राहू’ असा लावला. पूर्ण होईल की नाही याचं वचन त्यांना त्यात दिसलं नाही. नुकसान फारसं झालं नाही, पण वाद सुरू झाल्यावर ‘आम्ही शुक्रवारचा शब्द दिला होता’ हे टीमचं म्हणणं टिकेना.

आता बाईंचा मेल

इथवर वाचून टीम लीड म्हणाली, “म्हणजे खापर माझ्यावरच.” तसं नाही. मला विचाराल तर दोन्हींपैकी जास्त बेपर्वा मेल बाईंचा आहे. टीम लीड परकी भाषा वापरताना प्रत्येक शब्द तोलत होती. बाईंनी आपल्या भाषेत, ती समोरच्याची नाही हे ठाऊक असताना, चार ओळींत पाच वाक्प्रचार भरले.

‘पुट टू बेड’ हा वृत्तपत्रांच्या छापखान्यातला. अंकाची पानं यंत्रावर चढली, आता बदल नाही. बाईंना तोच अर्थ अभिप्रेत होता, कारण त्यापुढची पायरी लेआउटची होती. टीमला वाटलं, हे चॅप्टर आता काही दिवस बाजूला ठेवायचे, निजू द्यायचे. हा गैरसमज झाला नसता तर टीमने तिथेच हरकत घेतली असती, आणि पुढचं काहीच घडलं नसतं. प्रकरण थांबवण्याची ती शेवटची संधी होती.

‘कॉल इट अ डे’चा गोंधळ तर दोन्ही अर्थ खरे असल्यामुळे झाला. संध्याकाळी सहकाऱ्याला म्हटलं तर ‘आज इथे थांबू, उद्या बघू’. एखाद्या उपक्रमाबद्दल म्हटलं तर ‘आता पुरे, हे इथेच सोडू’. मेल संध्याकाळी आला होता, म्हणून टीमने पहिला अर्थ घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लॉसरी पुढे सुरू केली. बाईंनी ती रद्द केली होती. पूर्ण झाल्याचं वचन यातल्या कोणत्याच अर्थात नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. इंग्रजीत अशा वाक्प्रचारांची एक वेगळी चूल आहे: कॉल इट क्विट्स, पॅक इट इन, पुल द प्लग. यांत काम थांबतं, तडीला जात नाही. होम स्ट्रेट, अमेरिकनांचा होम स्ट्रेच आणि डाउन टू द वायर ही घोड्यांच्या शर्यतीतली मंडळी आणखी निराळी. ती फक्त शेवट जवळ आल्याचं, किंवा निकाल शेवटच्या क्षणापर्यंत लटकल्याचं सांगतात. वायर म्हणजे शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर ताणलेली तार. आणि ब्रिटिशांचं ‘डन अँड डस्टेड’ म्हणजे झालं, पुसूनसुद्धा ठेवलं. वाक्प्रचार पाठ करताना हे सगळे ‘शेवटाशी संबंधित’ म्हणून एकाच यादीत येतात, आणि यादीतून उचलणारा हमखास चुकतो.

‘सी द डायग्रॅम्स थ्रू’ यात एका शब्दाची जागा सगळं ठरवते. ‘सी थ्रू’ लागून आले की आरपार दिसणे, किंवा एखाद्याचा डाव ओळखणे. मध्ये कर्म घातलं की तडीस नेणे. ‘सी इट थ्रू’ म्हणजे अडचणी आल्या तरी शेवटपर्यंत लावून धरा. टीममधल्या एका मुलाने ते ‘लुक थ्रू’सारखं वाचलं. त्याने बुधवारचा दिवस आकृत्या नजरेखालून घालण्यात, म्हणजे रेषा बरोबर आहेत ना हे बघण्यात काढला. बाण आणि क्रमांक तसेच राहिले.

‘साइन ऑफ’ दोघींनीही वापरला आणि मंजुरी याच अर्थाने. तरी त्यावरूनही खटका उडालाच. टीमने साइन-ऑफ मागितला तो ड्राफ्टला, बाई देणार होत्या तो संपूर्ण मॅन्युअलला. शब्द एक, कागद दोन.

पुन्हा लिहिलेला मेल

मी टीम लीडला तोच मेल पुन्हा लिहायला सांगितला. अट एकच: ‘झालं’ या अर्थाचा कोणताही शब्द वापरायचा नाही. पहिल्या खेपेला तिला ते अशक्य वाटलं. मग हे लिहिलं:

‘चॅप्टर्स वन टू ट्वेल्व्ह: फर्स्ट ड्राफ्ट अटॅच्ड. वन टू नाइन आर नाऊ विथ अवर रिव्ह्यूअर. द टेक्स्ट विल चेंज, सो प्लीज डोन्ट स्टार्ट लेआउट. यू विल हॅव द रिव्ह्यूड टेक्स्ट बाय थर्सडे इव्हनिंग. डायग्रॅम्स: ऑल फॉर्टी ड्रॉन, लेबल्स नॉट येट अॅडेड, विथ यू बाय फ्रायडे. ग्लॉसरी: फिफ्टी-फाइव्ह ऑफ हंड्रेड अँड टेन एंट्रीज. शॅल वी कंटिन्यू? प्लीज अप्रूव्ह द ड्राफ्ट फॉर कन्टेन्ट ओन्ली.’

मेल लांबला आहे आणि देखणा अजिबात नाही. ‘विथ’ दोनदा आलंय, ‘ड्राफ्ट’ही दोनदा, निबंधाच्या बाईंनी लाल शाई वापरली असती. पण यात प्रत्येक गोष्टीबद्दल काय उरलंय, कोणाकडे आहे आणि कधी येईल हे आहे. ‘झालं’ हा शब्द नेमकं हेच झाकतो.

बिलाचा वाद मात्र मेल पुन्हा लिहून मिटणारा नव्हता. करार काढला तर त्यात एवढंच होतं की काम ‘कम्प्लीट’ झाल्यावर लेआउट सुरू होईल. कम्प्लीट म्हणजे काय, ते कुठेच नाही. ज्या धंद्यांत या एका शब्दावर पैसे अडतात त्यांनी त्याचे टप्पे कधीच पाडून ठेवले आहेत. ब्रिटिश बांधकामात जेसीटीच्या, म्हणजे तिथल्या ठरलेल्या नमुन्याच्या करारांत ‘प्रॅक्टिकल कम्प्लीशन’ असतं: ढोबळमानाने, इमारत वापरता येते, किरकोळ त्रुटी उरल्या आहेत, त्यांची यादी केली जाते. त्या यादीला ब्रिटनमध्ये स्नॅग लिस्ट म्हणतात, अमेरिकेत पंच लिस्ट, आणि तिकडच्या करारांत याच टप्प्याच्या जवळचा शब्द ‘सबस्टॅन्शियल कम्प्लीशन’. सॉफ्टवेअरवाल्यांनीही ही डोकेदुखी भोगली. जिरा या कामं आणि तक्रारी नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या पद्धतीत ‘रिझॉल्व्ह्ड’ आणि ‘क्लोज्ड’ हे दोन वेगळे टप्पे आहेत: दुरुस्त करणारा रिझॉल्व्ह्ड म्हणतो, ज्याने तक्रार केली त्याने तपासून बघितल्यावर क्लोज्ड. स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीत तर ‘डेफिनिशन ऑफ डन’ हीच एक ठरलेली गोष्ट आहे. टीमने आधी लिहून ठरवायचं की कोणत्या कसोट्या पार झाल्या म्हणजे डन म्हणायचं.

तसंच कलम या मॅन्युअलच्या करारात घातलं गेलं. ड्राफ्टेड, रिव्ह्यूड, अप्रूव्ह्ड हे तीन शब्द, प्रत्येकाच्या पुढे कोण म्हणणार त्याचं पद, आणि लेआउट फक्त तिसऱ्यानंतर. ‘फिनिश्ड’ आणि ‘कम्प्लीट’ कलमात नाहीत. बाईंचा आग्रह होता की मेलमध्येही नकोत, तो मला अतिरेक वाटला पण मी बोललो नाही.

दुसऱ्यांदा पानं लावण्याचं बिल शेवटी क्लायंटने भरलं, कारण रिव्ह्यू झालाय का हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ग्लॉसरी तोपर्यंत पुरी झाली होती, ११०च्या ११० शब्द. रद्द केलेली म्हणून टाकून द्यावी की काय यावर एक छोटी मीटिंग झाली आणि मग बाईंनी ती ठेवून घेतली. त्या दोन दिवसांचे पैसे टीमने लावले नाहीत.